जसा नेलास तसा

५ ऑगस्ट

ताई,

नमस्कार घे, मग पुढचं वाचायचं की केरात टाकायचं ते ठरव. माझा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पत्राला निदान फोनसारखं वाजत बसावं लागत नाही.

तुझं पोरगं मजेत आहे. दर रविवारी दुपारी मला फोन करतं. मोठ्या क्लबात खोलीत दोघंच राहतात, चोवीस तास गरम पाणी, जेवण वजन करून वाढतात. आमच्या कँटीनच्या मावशी नजरेनेच वजन करायच्या आणि वर एक घास जास्त टाकायच्या. तेव्हा काळजी करू नकोस.

आमच्या क्लबाची एक पद्धत आहे. आम्ही फुटबॉलचा लहान क्लब. अकरा वर्षांचं पोरगं आणायचं, चार-पाच वर्षं वसतिगृहात ठेवून घडवायचं आणि मोठ्या क्लबाला विकायचं. त्या पैशातून जे उभं राहील त्याला लोक त्या पोराचंच नाव देतात. पूर्वेच्या स्टँडवरचे पत्रे डावखुऱ्याच्या पैशातून आले, म्हणून पाऊस आला की माणसं 'डावखुऱ्याखाली' धावतात. मैदानाखालचे पाइप म्हणजे 'पैलवान'. तुझ्या मुलाला इथे उंचीमुळे शिडी म्हणायचे. तर शिडी म्हणजे आता माझ्या खोलीतली कपडे धुवायची दोन नवी मोठी मशिनं. "शिडी लावली का?" असं दिवसातून चारदा कुणीतरी विचारतं. अठरा वर्षं मी टीमचे कपडे हाताने घासले, पाठीचं पार धनुष्य झालं. आता बटण दाबतो आणि स्टुलावर बसून राहतो. बसायची सवय नाही, त्यामुळे विचार फार येतात.

जूनमध्ये मोठ्या क्लबाच्या करारावर सही करताना तू एकच वाक्य बोललीस. "जसा नेलास तसा आणून दे." आणि उठून गेलीस. चहासुद्धा तसाच राहिला.

आता एक गंमत सांगतो. कपड्यांबरोबर माझं दुसरं काम पोरांची उंची मोजायचं, हे तुला ठाऊक आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी माझ्या खोलीच्या दारामागच्या लाकडी फळीला पोराला उभं करायचं, टाचा लाकडाला टेकवून, डोक्यावर जाड रजिस्टर आडवं धरून, सुताराच्या पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख. प्रत्येकाचा रकाना वेगळा. पोरगं गेलं की रकाना बंद. शिडीची शेवटची रेघ जूनची, पाच फूट दहा इंच.

काल सोमवार. कुलूप काढून आत गेलो तर शिडीच्या रकान्यात नवी रेघ. शेजारी कालची तारीख. जूनच्या रेघेपेक्षा एक इंच खाली.

वसतिगृहातल्या पोरांची मस्करी असणार. एकेकाचे कान उपटतो.

तुझा भाऊ


२ सप्टेंबर

ताई,

तू उत्तर धाडणार नाहीस हे गृहीत धरूनच मी तिकीट लावतो.

पोरांचे कान उपटले. सगळे कानांवर हात ठेवतात. म्हणून गेल्या शुक्रवारी कुलूप बदललं आणि किल्ली गळ्यात घातली. काल सकाळी दार उघडलं. रेघ होती. पाच फूट सहा. आणि ताई, तारखेतलं अक्षर माझं आहे. मी नऊचा आकडा खालून वर काढतो, लहानपणी तू त्यावरून मला चिडवायचीस. तसा नऊ दुसरं कुणी काढत नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालंय. झोपेत उठून मीच तर लिहून येत नाही ना, ही शंका आधीपासूनच होती, म्हणून रविवारी रात्री मावशींना सांगून मी त्यांच्या कँटीनमध्ये झोपलो आणि किल्ली त्यांच्याकडे दिली. मावशी म्हणाल्या, "लग्न केलं असतं तर ही वेळ आली नसती." किल्ली सकाळपर्यंत त्यांच्या डब्यात होती.

पोराचा फोन आला. सराव जोरात चाललाय म्हणाला. मग म्हणाला, "मामा, माझ्या मापाचे जुने बूट आहेत का तिकडे? आठ नंबर." मी म्हटलं, अरे, तुला नऊ लागतात. तर म्हणाला, "लागत होते. आता लेस आवळली तरी टाच वर येते."

मी आठ नंबरचे पाठवून दिले. नव्या बुटांचा आकार कंपनीगणिक वेगळा असतो, त्यात विशेष काही नाही.

तुझ्याशी तो शनिवारी बोलतो ना? आवाज कसा वाटतो तुला? एवढं तरी कळव. माझ्यावरचा राग तसाच ठेव, पण कळव.


७ ऑक्टोबर

ताई,

काल पाच फूट तीन.

मी मॅनेजर साहेबांना हाताला धरून दारामागे नेलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "रंग मार." मी म्हटलं, साहेब, हे काहीतरी वेगळं आहे. ते म्हणाले, "वेगळं आहे म्हणूनच रंग मार. सोमवारी पाहुणे येतायत, फळी स्वच्छ दिसली पाहिजे." शिडीच्या रकान्यावर मी पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. वास अजून खोलीत आहे. धुतलेल्या कपड्यांनाही लागला.

इथवर लिहून मी तीन दिवस हा कागद घडी करून खिशात ठेवला होता, आता पुढे जे लिहायचं त्यासाठी.

रविवारी फोन वाजला तर पलीकडे बारीक आवाज. मला वाटलं चुकून कुणी लावला. "मामा, मी बोलतोय." आवाज फुटायच्या आधीचा त्याचा आवाज, ताई. तोच, शब्दाच्या शेवटी वर जाणारा. सहा नंबरचे बूट पाठव म्हणाला. आणि मग विचारलं, "बाबांचा खोकला कमी झाला का? आई त्यांना फोनच देत नाही."

मी म्हटलं, झोपलेत ते.

भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली आणि मी म्हटलं झोपलेत. तुलाही त्याने हेच विचारलं असणार. तू काय सांगितलंस मला माहीत नाही. त्या घरात तू एकटी फोन कानाला धरून उभी असशील, हे डोळ्यांसमोर येतं आणि मी मशीनचं दार उगाच उघडतो, बंद करतो.

भाऊजींची गोष्ट निघालीच आहे तर ऐक. तू गुरुवारी सकाळी कळवलंस. मी पोराला शनिवारी संध्याकाळी सांगितलं. बसची गडबड झाली असं तुला म्हणालो. बस रोज दोन होत्या. शनिवारी मोठ्या क्लबाचा माणूस पहिल्यांदा त्याचा खेळ बघायला येणार होता, म्हणून मी गप्प राहिलो. मॅच संपली, पोरगं हसत हसत मळकी जर्सी माझ्या टबात टाकायला आलं आणि मी तिथेच, ओल्या हातांनी सांगितलं. त्याला बापाचं शेवटचं तोंड दिसलं नाही ते माझ्यामुळे. तुला हे आधीच माहीत होतं, नाही का? म्हणून तर फोन बंद.

माफी मागत नाही. मागायची लायकी असती तर तेव्हाच मागितली असती.


४ नोव्हेंबर

ताई,

रंगावर रेघ आली. पाच फूट. पांढऱ्यावर काळी, आधीपेक्षा ठळक दिसते.

मोठ्या क्लबाचं पत्र आलंय. मॅनेजर साहेबांनी मला वाचून दाखवलं. "मुलाची मापे आपण पाठवलेल्या नोंदींशी तंतोतंत जुळतात. मात्र महिने उलट क्रमाने येत आहेत. खुलासा करावा." साहेब म्हणाले, "जुळतात ना? मग झालं. आपण खोटं दिलेलं नाही."

आपण खोटं दिलेलं आहे. मी दिलेलं आहे.

तू लक्ष देऊन वाच, कारण हे मी पुन्हा लिहू शकणार नाही. तुझा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना एकदम उंच झाला, आठवतं? सुट्टीत आला की तू दर वेळी त्याची पँट उसवून लांब करायचीस. चौदाव्या वर्षी तो पाच फूट दहा झाला आणि थांबला. त्यानंतर चौदा महिने मी दर पहिल्या सोमवारी रजिस्टर ठेवायचो आणि रेघ त्याच जागी यायची. एकावर एक रेघा मारून तिथे लाकूड काळं पडलं. मोठे क्लब वाढ थांबलेलं पोरगं घेत नाहीत. बचावात उभा करायला त्यांना सहा फुटांच्या वर जाणारा मुलगा हवा असतो. आज किती आहे याला कुणी विचारत नाही, अजून किती होईल याला भाव.

मार्च महिन्यात साहेब खोलीत आले. फळीकडे बघत उभे राहिले. जाताना म्हणाले, "तुझ्या पाठीचं काय? मशिनं आली तर सुटशील." एवढंच. मला कुणी काही करायला सांगितलं नाही.

मी पॉलिश पेपर आणला आणि त्या चौदा रेघा, त्यांच्या खालच्याही पाच फूट सहापर्यंतच्या, घासून काढल्या. मग खालून सुरुवात केली. पाच फूट सहा, मग थोडं वर, मग अजून थोडं वर, महिन्याला एक रेघ, जूनपर्यंत पाच फूट दहा. वाढतोय बघा पोरगा. जुन्या तारखा जुन्या दिसाव्यात म्हणून वर चहाचं पाणी पुसलं. फोटो काढून पाठवला. त्यांच्या डॉक्टरने हिशेब करून सांगितलं, सहा फूट दोन होणार. तुलाही मी तेच सांगितलं आणि तू सही केलीस.

कुंपणानेच शेत खाल्लं, ताई. मी मामा म्हणून तू त्याला माझ्या हवाली केलं होतंस.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या रेघा बरोबर त्या खोट्या रेघांवरून खाली आल्या. उतरायला मीच पायऱ्या करून दिल्या होत्या. त्या संपल्या तरी तो थांबला नाही, आता खऱ्या रेघांवरून उतरतोय.

सोबत एक फॉर्म आहे. तो अठराच्या आतला आहे, त्यामुळे त्याला परत बोलवायचा हक्क फक्त तुझा. माझ्या सहीला तिथे कुणी विचारत नाही. तू जाऊन बघायचं म्हणशील तर पहिले सहा महिने पालकांना भेट नाही, मी विचारून घेतलं. मशिनं जातील, जाऊ देत. साहेब मला काढतील. तू सही कर.


२ डिसेंबर

ताई,

फॉर्म पोचला का? पुन्हा एक पाठवतोय.

काल चार फूट आठ. याच्या खाली त्याच्या रकान्यात आता एकच रेघ उरली आहे, चार फूट सहा, तो आला त्या दिवशीची, पाच वर्षांपूर्वीची, जानेवारीतल्या चाचणीच्या सकाळची. तिच्याखाली फळी कोरी आहे. तिथे त्याचं काहीच नाही. तिथे काय होतं मला माहीत नाही आणि मला जाणून घ्यायचंही नाही. मला भीती वाटते. या वयात दारामागच्या एका फळीची मला इतकी भीती वाटते की कपडे मी मावशींना आत जाऊन आणायला सांगतो.

रविवारी त्याने चार नंबरचे बूट मागितले. मग विचारलं, "मामा, मी इथे का आलोय?" मी म्हटलं, खेळायला. तो म्हणाला, "इथले सगळे खूप मोठे आहेत. माझ्याकडे कुणी बॉल देत नाही." मागे मुलांचे आवाज येत होते, दाढी आलेल्या मुलांचे.

मी काय केलं माहीत आहे? फोन ठेवला आणि चार नंबरचे बूट शोधून, धुऊन, लेस बदलून, उन्हात ठेवले. दुसरं काही मला येतच नाही.

सही कर गं.


५ जानेवारी

ताई,

हे पत्र पोस्टात टाकलं नाही. ते पोराच्या शर्टाच्या वरच्या खिशात आहे. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा तो तुझ्यासमोर उभा आहे. आधी त्याला पाणी दे, बसमध्ये त्याला मळमळतं, या वयात मळमळायचं. मग वाच.

तुझा फॉर्म पंधरा दिवसांपूर्वी मिळाला. पाकिटात दुसरं काही नव्हतं. सहीच्या शेजारी मार्जिनमध्ये तू लिहिलेलं वाचलं, "जसा नेलास तसा." मी तो मोठ्या क्लबाला त्याच दिवशी धाडला. त्यांनी हुज्जत घातली नाही. काल दुपारी स्टँडवर बस लागली, सगळे उतरले, मग कंडक्टर म्हणाला, "या मुलाला घ्यायला कोण आलंय?"

गुडघ्यापर्यंत आलेली जर्सी. पाठीवर त्याचा नंबर. हातात एक कागद, तिकडच्या ऑफिसचा. "करारातील खेळाडू आमच्याकडे आढळत नाही. सोबतचा मुलगा आपला असावा." एवढंच लिहून शिक्का मारलाय.

मला बघून हसला. समोरचा दात अर्धा तुटलेला, आठवतो ना, शाळेच्या पायरीवर पडला होता तो? आमच्या दंतवैद्याने पुढे तो बसवून दिला होता. आता पुन्हा अर्धाच आहे. मी स्टँडवरच्या बाकावर बसलो. तो शेजारी बसला, पाय हलवत. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. म्हणाला, "मामा, उद्याच्या चाचणीत मला घेतील ना?"

त्याला मोठा क्लब आठवत नाही. इथली पाच वर्षं आठवत नाहीत. त्याच्या मते तू त्याला काल माझ्याबरोबर बसमध्ये बसवलंस आणि खिडकीतून सांगितलंस, जमलं नाही तर गुपचूप परत ये. खरंच म्हणाली होतीस का असं? मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. मी पुढे बसून ड्रायव्हरशी गप्पा मारत होतो.

आज सकाळी खरोखरच चाचणी होती. दर जानेवारीला असते. चाळीसेक पोरं, त्यांचे बाप, पिशव्या. आज पहिला सोमवार. मी खोलीत गेलो. चार फूट सहाच्या रेघेवर नवी रेघ होती, बरोबर तिच्यावर, आजची तारीख घालून. मी बाहेर आलो तोवर पोरगं अंगणात जुना बॉल घेऊन उडवत होतं. पायावर, गुडघ्यावर, डोक्यावर, पुन्हा पायावर. तुझ्या ओट्याखाली लिंबू उडवायचं तसं.

मॅनेजर साहेब ऑफिसच्या पायरीवर उभे होते. बराच वेळ बघत राहिले. पाच वर्षं ज्याला रोज पाहिलं त्याच्याकडे बघत होते, ताई, आणि ओळखीची एक रेघ त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बहिणीचा."

"पाय चांगला आहे. मोजून घे त्याला. रकाना रिकामा आहे एक."

पोराने ते ऐकलं. बॉल टाकून पळत माझ्या खोलीत गेलं, आणि मी पोचेपर्यंत फळीला पाठ लावून, हनुवटी वर करून उभं. डोळे मिटलेले. टाचा जराशा उचललेल्या. पहिल्या दिवशीही त्याने टाचा उचलल्या होत्या. तेव्हा मी हसलो होतो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या खाली टेकवल्या होत्या. त्या दिवशी मी इमानदार होतो.

साहेब दारात येऊन उभे राहिले. रजिस्टर टेबलावर होतं. पेन्सिल माझ्या कानावर होती, अठरा वर्षं असते.

मी म्हटलं, "साहेब, हा वाढत नाही."

"काय?"

"वाढ नाही याला. मी ओळखतो. घेऊन उपयोग नाही."

माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास. याच कामाचा मला पगार मिळतो. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या पोराला हाक मारायला गेले. मी रजिस्टर आणि किल्ली टेबलावर ठेवली. मशीन चालू होतं, ते तसंच चालू ठेवलं.

पोराला सांगितलं, नाही घेतलं तुला. तो थोडा रडला. माझ्या शर्टाला नाक पुसलं. मग विचारलं, "मग घरी जायचं?" मी म्हटलं, हो. त्याने डोळे पुसले आणि लगेच पिशवी उचलली. ताई, इतकं सोपं होतं. पाच वर्षांपूर्वी एवढंच म्हणायला हवं होतं.

मी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथून तुझं दार दिसतं. तो दार वाजवेल, तू उघडशील, एवढं बघून मी परतीची बस धरणार आहे. आत बोलावू नकोस. तो रोज वाढतोय का, तेवढं मात्र बघत राहा. फळी नको, रजिस्टर नको. पँट आखूड झाली की तुला कळेलच.

त्याने बसमध्ये तीनदा विचारलं, बाबा स्टँडवर घ्यायला येतील का. मी तिन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं. या वेळी त्याला तू सांग, तुझ्या घरात, जवळ घेऊन. आत्ता तो तुझ्या मागे, आतल्या खोलीकडे बघत असेल.